खुलासा करावा ही विनंती

वेळापत्रक मी चार रंगांत काढलं होतं. तेव्हा पुढे जे काही झालं, त्यात नियोजनाचा दोष नव्हता हे आधीच सांगून ठेवतो. निळा रंग जुन्या नोकरीचा, हिरवा नव्या नोकरीचा, लाल कॉलेजचा आणि पिवळा अभ्यासाचा. पिवळा रंग पांढऱ्या कागदावर फारसा दिसत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या मुलीच्या लक्षात आली. ती नववीत आहे आणि दुसऱ्याची चूक लांबून ओळखायची नजर तिला आईकडून मिळाली आहे.

"बाबा, यात अभ्यास कुठेय?"

"हा काय, पिवळा."

"हा तर जेवणाच्या वेळेवर आलाय."

"जेवताना वाचता येतं."

"मी वाचलं की ओरडतोस मग."

तुझी गोष्ट वेगळी, असं म्हणून मी कागद भिंतीवर चिकटवला. वडील माणसाच्या हाताशी असावं असं हे एक चांगलं वाक्य आहे.

माझं वय एक्केचाळीस आणि मी संध्याकाळच्या कॉलेजात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातली बाकीची मुलं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने उठून फळा पुसला आणि मला खडू आणून दिला. मी तो परत केला आणि मागे जाऊन बसलो, तेव्हा तो इतका ओशाळला की शेवटी मलाच त्याची समजूत काढावी लागली. हे शेवटचं वर्ष मी या आधी दोनदा अर्धवट सोडलेलं आहे, एकदा लग्नामुळे आणि एकदा मुलीच्या जन्मामुळे. म्हणजे कारणं दोन्ही वेळा आनंदाचीच होती. पण आता कॉलेजने सूचना लावली होती की जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा यंदा शेवटची. यंदा हुकली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचे शिक्षण' असा एक रकाना असतो. तिथे गेली कित्येक वर्षं 'चालू आहे' असं लिहिलं जातं. ते वाचून शाळेतल्या बाई हसतात, असं मुलीने मला एकदा सांगितलं होतं. तिने सहज सांगितलं, पण मला ते चांगलंच लागलं होतं.

नोकरी मी वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात करतो. करत होतो म्हणा, करतो म्हणा, ते शेवटपर्यंत नक्की ठरलेलं नाही. दुकानाच्या मालकांना सगळा बाजार काका म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. वाण्यांचे, सोनारांचे, दवाखान्यातले तान्ह्या मुलांचे, गोदामांतले माणसाएवढे, असे सगळे काटे आमच्याकडे येतात. काकांचे हात आता थरथरतात, त्यामुळे बारीक काम माझ्याकडे आणि पत्रं-पावत्याही माझ्याकडे. पगार यथातथा. पण वेळेचं बंधन म्हणाल तर नाही. "अभ्यास आहे? जा घरी. काटे काय पळून जातायत?" हे काकांचं ठरलेलं उत्तर. माझ्यासारख्याला असा मालक मिळणं हे भाग्यच, आणि ते मी सगळ्यांना सांगत असे. पगाराचा विषय निघाला की मात्र मी तो बदलत असे.

अशात एका मोठ्या गोदाम कंपनीची जाहिरात आली. भांडार विभागात सहायक पाहिजे, पगार माझ्या दीडपट. वेळ सकाळी सात ते दुपारी तीन, अंगठा लावून आत आणि अंगठा लावूनच बाहेर. सहा महिने एकही रजा नाही. आणि परीक्षा तर सकाळी दहाची, चांगली आठ दिवस चालणारी.

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते."

लग्न झालेल्या वाचकांना यातला धोका वेगळा सांगायला नको. मी कागदाच्या मधोमध रेघ ओढून एकीकडे सोय आणि एकीकडे पगार असे मुद्दे लिहायला घेतले. दोन्ही बाजूंना बरोबर नऊ मुद्दे झाले. दहावा मुद्दा शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. त्या रविवारी मी भागीदारी कायद्याचं प्रकरण वाचणार होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांना आम्ही साहेब म्हणतो, आणि म्हटलं नाही तर ते आठवण करून देतात. लोकांची आयुष्यं मार्गी लावणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. माझा कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला.

"तुमची चूक कुठे होतेय सांगू? तुम्ही यातली एक सोडायला निघालात."

"मग?"

"अहो, जी नोकरी वाकते ती सोडायची कशाला? वाकवा! सात ते तीन कंपनी. साडेतीन ते साडेपाच दुकान. सहाला कॉलेज. दोन्ही पगार घरात, माणूस मोकळा."

"आणि परीक्षेची रजा?"

"ते तेव्हा बघू. मी आहे ना!"

ते आहेत ही गोष्ट खरी होती. मी खाली आलो आणि रंगीत पेन्सिली काढल्या.

आता मी जे केलं ते सरळ सांगून टाकतो. काकांना म्हटलं, "काका, परीक्षा जवळ आलीय. सकाळी घरी अभ्यास करीन म्हणतो, दुपारी साडेतीनला येत जाईन." काका म्हणाले, "ये की. डोकं शांत ठेव." पगारातून त्यांनी एक पैसा कापला नाही. कंपनीच्या फॉर्मवर 'अन्यत्र नोकरी असल्यास तपशील' असा रकाना होता, तिथे मी एक छोटी रेघ मारली. रेघ मारणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे, असं मी बाहेर पडताना स्वतःला दोनदा समजावलं.

भांडार विभागाच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो. फार बोलत नसत, पण ज्याच्याकडे बघत त्याला आपला शर्ट खोचलेला आहे ना, अशी शंका येई. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक फाइल ठेवली. वर लिहिलं होतं 'रखडलेल्या दुरुस्त्या'.

"एक काटेवाला आहे. आपले तीन काटे दीड महिन्यापासून घेऊन बसलाय. कडक पत्र लिहा."

मी फाइल उघडली. पहिलीच पावती माझ्या अक्षरातली होती.

हे तीन काटे मला चांगलेच माहीत होते. दुकानात मागच्या फळीवर पडून होते. ते का पडून होते, हेही मला माहीत होतं. अभ्यासासाठी म्हणून मी दीड महिना दुपारीच घरी जात होतो.

त्या क्षणी मी उठून "मॅडम, हे दुकान माझ्या ओळखीचं आहे" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पहिला दिवस होता, मॅडम समोर उभ्या होत्या, आणि आमच्या घराण्यात स्पष्ट बोलणारा माणूस चार पिढ्यांत झालेला नाही. मी संगणकापुढे बसून टाइप करायला घेतलं : 'आपणाकडे दुरुस्तीस दिलेले तीन काटे मुदत उलटूनही परत मिळालेले नाहीत. सदर विलंबाचा लेखी खुलासा तात्काळ करावा ही विनंती.'

मॅडमनी वाचलं. "चांगलं लिहिता. जरा जोर हवा फक्त."

मी 'ही बाब अत्यंत गंभीर आहे' असं एक वाक्य घातलं. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "तुम्ही त्याच बाजूला राहता ना? जाता जाता देऊन टाका."

अशा रीतीने मी तीन वाजता अंगठा लावून बाहेर पडलो आणि साडेतीनला ते पत्र काकांच्या हातात दिलं. काकांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "चष्मा कुठे ठेवला कोण जाणे. वाच रे जरा."

मी वाचलं. स्वतः लिहिलेलं कडक पत्र स्वतःच मोठ्याने वाचून दाखवणं फार अवघड असतं. सकाळी ज्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता, तेच वाक्य आता उद्धट वाटायला लागलं. 'अत्यंत गंभीर' म्हणे! काट्यांचं काम नाजूक असतं, हे या लोकांना कोणी सांगायचं?

"तीस वर्षांचं गिऱ्हाईक," काका हळू आवाजात म्हणाले. "इतक्या वर्षांत असं कोणी लिहिलं नव्हतं. कोण आहे हा लिहिणारा?"

"कोणीतरी नवीन असावा."

"लिही, आठ दिवसांत देतो म्हणून."

काकांनी सांगितलं ते एवढंच. पण माझा पारा चढला होता. मी दुकानाच्या कागदावर, माझ्या ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं : 'आपले पत्र पावले. भाषा वाचून खेद झाला. दुरुस्ती आणि घाई यांचे जमत नाही, हे आपल्यासारख्या जाणत्या संस्थेस सांगावे लागावे हे आमचे दुर्दैव.' काकांनी चष्म्याशिवाय सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्या वाचत असताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

"'जाणत्या संस्थेस' म्हणजे हा टोमणा आहे ना?"

"तसं वाटतंय खरं," मी म्हणालो. आता मी भांडार विभागाचा माणूस होतो. मलाही तो टोमणा झोंबला.

वाचक म्हणतील, अरे बाबा, साडेतीनला दुकानात जातोस तर ते तीन काटे दुरुस्त करून मोकळा का होत नाहीस? माझ्या बायकोने पुढे हाच प्रश्न अधिक मोजक्या शब्दांत विचारला. पण साडेतीन ते साडेपाच हा सगळा वेळ उत्तरं लिहिण्यात जात होता. एकदा कच्चं, मग पक्कं, मग काकांना वाचून दाखवायचं, मग त्यांचा राग शांत करायचा. काट्यांना हात लागायचा नाही तो नाहीच. आणि काटे झाले नाहीत की सकाळी मला नवं पत्र लिहावं लागे.

दोन आठवड्यांत सात पत्रं झाली. व्यापारी कायद्याचा माझा जेवढा अभ्यास झाला होता तेवढा सगळा त्यात उतरला. तिसऱ्या पत्रात कंपनीने कराराचा भंग काढला, चौथ्यात दुकानाने करारच तोंडी होता असं दाखवून दिलं. त्याच चौथ्या पत्रात मी एक घोडचूक केली. काटे बिघडतात ते वापरणाऱ्यांमुळे, हे ठासून सांगण्यासाठी मी लिहिलं की आपले कर्मचारी येता-जाता काट्यावर उभे राहून स्वतःचं वजन करतात. मला ते माहीत होतं, कारण त्याच सकाळी मी केलं होतं. दोन किलो कमी भरलं.

मॅडमनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

"आपली आतली बातमी त्या दुकानात पोचतेय. कोणीतरी फितूर आहे. तुम्ही नवीन आहात, तुमच्यावर कोणाला संशय यायचा नाही. जरा डोळे उघडे ठेवा."

मी ठेवतो म्हणालो. बाहेर येऊन जागेवर बसलो आणि डोळे उघडे ठेवले. शेजारचा कारकून मला वचकून दिवसभर काट्यापासून लांबून जात होता.

घरीही काही फार सुखाचं चाललं नव्हतं. दोन नोकऱ्यांमुळे मी इतका थकायचो की पिवळ्या पट्ट्यात ताटावरच डुलक्या घ्यायचो. मुलगी पुस्तक समोर धरून "बाबा, भागीदारीचे प्रकार किती?" असं विचारायची आणि मी "विषयांकित पत्रास अनुसरून" असं उत्तर द्यायचो. साहेब जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, जमलं ना दोन्ही?" मी हो म्हणायचो. नाही म्हणण्यासाठी निदान दहा मिनिटं लागली असती आणि कॉलेजला उशीर झाला असता.

त्यातच परीक्षेच्या फॉर्मची मुदत आली. संध्याकाळच्या कॉलेजचा नियम असा की नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने मालकाचा दाखला जोडायचा : कामाच्या वेळा कॉलेजच्या आड येत नाहीत आणि परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल. त्याशिवाय प्रवेशपत्र नाही. मी काकांना दाखला मागितला. काकांनी आनंदाने दिला. तो मी खिडकीत सरकवला.

खिडकीतल्या बाई कधी वर बघत नाहीत. त्यांना कागद दिसतो, माणूस दिसत नाही.

"हे काय लिहिलंय? 'कामाची वेळ : त्याला वाटेल तेव्हा'?"

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"वाटेल तेव्हा ही वेळ नाही. किती ते किती ते लिहून आणा. आणि शिक्का चौकोनी आहे. गोल लागतो."

"चौकोनी का चालत नाही?"

"गोल लिहिलंय म्हणून."

गोल शिक्का कंपनीकडे होता. चांगला ताटलीएवढा. मी धीर करून मॅडमना विचारलं. म्हणजे, विचारलं असं मला वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, समजा एखाद्याला काही शिक्षणविषयक दाखला वगैरे लागला, तर कंपनीचं साधारण धोरण काय असतं?"

"सहा महिने झाले की मिळतो," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "कोणाला हवाय?"

"असंच. सर्वसाधारण चौकशी."

मुदत शुक्रवारी संपत होती. सोमवारी कंपनीच्या बाजूने पाचवं पत्र गेलं. त्यात मी लिहिलं होतं की दुकानाच्या चालकांना वयोमानानुसार काम झेपत नसल्यास तसं कळवावं. ते वाचून दाखवताना माझी जीभ अडखळली, पण शब्द बदलायचं मला सुचलं नाही.  काकांनी हात टेबलाखाली घेतले. उत्तर लिही असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मीच रागाच्या भरात सहावं लिहिलं, की आपल्या विभागाच्या प्रमुख अननुभवी असल्याने त्यांना हे समजणार नाही. सातवं पत्र एका ओळीचं होतं. ते मॅडमनी स्वतः लिहिलं : 'गुरुवारी समक्ष येत आहोत.'

"तुम्हीही चला," त्या मला म्हणाल्या. "सगळं प्रकरण तुम्हाला तोंडपाठ आहे."

गुरुवारी आम्ही साडेतीनला दुकानापाशी पोचलो. माझी रोजचीच वेळ. दुकानाला दोन पायऱ्या आहेत. मॅडम वर चढल्या, मी खालच्या पायरीवर थांबलो. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आलास? बरं झालं. या बाईंना खुर्ची दे."

मी सवयीने आत गेलो, फडक्याने खुर्ची पुसली आणि मॅडमपुढे ठेवली. मग पंखा लावला. पंख्याचं बटण एका कपाटामागे आहे, परक्या माणसाला ते सापडत नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही यांना ओळखता?" त्यांनी काकांना विचारलं.

"ओळखता म्हणजे? आमचाच आहे तो. अकरा वर्षं झाली. आता परीक्षा आहे म्हणून सकाळी घरी अभ्यास करतो."

मॅडमनी फाइल उघडून दुकानाची पत्रं काढली. काकांनी खणातून कंपनीची काढली. दोघांनी ती टेबलावर एकाआड एक लावली. कोणी काही विचारलं नाही, मीच बोलायला लागलो. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, निळा-हिरवा रंगसुद्धा. इतकं बोलूनही कोणी पाणी विचारत नव्हतं. तिथे पाणी देण्याचं काम माझंच होतं.

"मला अननुभवी कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"आणि मला काम झेपत नाही, ते?" काकांनी विचारलं.

"तेही मीच, काका."

काकांनी पत्रांची चवड करून बाजूला सारली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तुला वेळ दिला होता रे, अभ्यासासाठी," ते म्हणाले. "तू तो नेऊन त्यांना विकलास. पगार कमी पडत होता तर तोंड उघडायचं ना माझ्यापाशी. अकरा वर्षांत एकदा तरी मागितलास?"

"आणि रजा हवी होती तर मला विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "सर्वसाधारण चौकशी कसली करता?"

मला भयंकर लाज वाटली. दोन माणसं मला काहीतरी द्यायला तयार होती, आणि मी दोघांनाही विचारलं नव्हतं. त्याऐवजी मी त्यांना एकमेकांच्या नावाने पत्रं लिहीत बसलो होतो.

त्यानंतर त्या दोघांनी माझ्याकडे पाठ करून काट्यांचा विषय काढला. कधी देता, बुधवारी देतो, ठीक आहे. तीन वाक्यांत मिटलं. उठताना मॅडम मला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका." त्या गेल्यावर काका म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो." त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला. बटण शोधायला त्यांना वेळ लागला, पण मला विचारलं नाही.

शुक्रवारी मी खिडकीसमोर उभा होतो. हातात दाखला नव्हता, गोल नाही आणि चौकोनीही नाही. निदान नाही म्हणून सांगावं, एवढ्याचसाठी गेलो होतो.

"बाई, मी दाखला देऊ शकत नाही. माझी नोकरी गेली. दोन्ही गेल्या."

बाईंनी प्रथमच मान वर केली. आत इतकी प्रेमळ दिसणारी बाई बसते, याची मला कल्पना नव्हती.

"म्हणजे तुम्ही आता नोकरी करत नाही?"

"नाही."

"मग दाखला कशाला? तो नोकरी करणाऱ्यांना लागतो." त्यांनी फॉर्मवर 'लागू नाही' असं लिहून धाडकन शिक्का मारला आणि प्रवेशपत्र पुढे सरकवलं. "हे आधी नाही का सांगायचं? उगाच हेलपाटे घातलेत."

घरी येऊन मी बायकोला प्रवेशपत्र दाखवलं आणि मग बाकीचं सांगितलं. हा क्रम मी विचारपूर्वक ठरवला होता, पण उपयोग झाला नाही. ती दोन दिवस माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलत होती. "बाबांना सांग, घर माझ्या पगारात महिनाभर चालेल. बाबांना सांग, पुस्तक उघडा." मी पुस्तक उघडलं. भिंतीवरचा कागद मुलीने काढून उलटा केला आणि त्यावर सगळीकडे 'अभ्यास' असं लिहिलं. काळ्या पेनाने.

परीक्षा मी दिली. आठही पेपर. व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या पेपरात वीस गुणांना तक्रारीचं पत्र होतं. प्रश्न मी दोनदा वाचला. मी लिहिलं : 'आमचे सामान अजून आले नाही. कधी देता ते सांगा. काही अडचण असली तर तीही सांगा.' पुढे काही लिहायची इच्छाच होईना. त्याला गुण किती पडतील ते निकालाला कळेल, पण लिहिलं ते अगदी मनापासून लिहिलं.

शेवटच्या पेपरहून घरी आलो तर दोन पाकिटं आलेली. एक काकांचं. स्वतः लिहिलेलं, ओळी वर-खाली गेलेल्या. 'तिन्ही काटे दिले. पण हात पूर्वीसारखा चालत नाही, तुझं पत्र खोटं नव्हतं. तुझा अभ्यास आता संपला. दहा ते सहा येणार असलास तर त्या लोकांइतका पगार मी देतो. मनात काही ठेवू नकोस.' दुसरं कंपनीचं, गोल शिक्क्याचं. 'आपल्यासारखे पत्र लिहिणारा येथे कोणी नाही. आपले शिक्षण पुढेही चालू राहणार असल्यास अर्धवेळ यावे, वेळ आपल्या सोयीने. पगार त्या मानाने कमी राहील.'

मी दोन्ही पत्रं दोनदा वाचली. म्हणजे सोय होती तिथे आता पगार होता, आणि पगार होता तिथे सोय. अभ्यास संपला का? निकाल लागायचा होता. पास झालो तर पुढची पदवी घ्यावी, असं शेवटच्या दोन पेपरांपासून मनात यायला लागलं होतं, पण हे मी कोणाला बोललो नव्हतो. आणि काकांचे ते वर-खाली गेलेले शब्द बघून डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही कोणाला सांगितलं नव्हतं. मी कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढली.

बायकोने तो कागद माझ्यापुढून उचलला. "आता कोणालाही पत्र लिहायचं नाही. जाऊन समोर सांगायचं."

"काय सांगू?"

"तुम्हाला काय हवंय ते."

मी विचार केला. खरंच केला, चांगला पाच मिनिटं. मुलगीसुद्धा अभ्यास सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

बायकोने कपाळाला हात लावला. तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, टेबलाशी खुर्ची ओढली आणि त्याच कागदावर, रेघेची पर्वा न करता, लिहायला सुरुवात केली. या घडीला ती लिहिते आहे. अर्धं पान झालंय. पत्र कोणाला आहे ते तिच्या हाताआड गेलंय, आणि विचारायचा मला धीर होत नाही.